नियमाला नियम भेटतो तेव्हा

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. रविवारची दुपार होती. आमच्या भिलाईत पाऊस एकदा लागून राहिला की मैदाने चिखलाने भरून जातात आणि मुलांचे सारे खेळ घरोघरच्या व्हरांड्यांत येऊन बसतात. त्या दुपारी माझा पुतण्या आणि त्याचा एक वर्गमित्र चटई पसरून पत्ते खेळत होते, आणि मी आत वर्तमानपत्र चाळीत पडलो होतो. थोड्या वेळाने बाहेरचे आवाज चढू लागले. पत्त्यांच्या खेळात आवाज चढणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु ह्या आवाजांत राग होता. मी उठून बाहेर गेलो, तो पुतण्या म्हणाला, "काका, आता तुम्हीच सांगा. तुमची तर नोकरीच नियमांची आहे." त्याचा मित्र एवढेच म्हणाला, "हाँ अंकल, आप ही बताइए."

शासकीय सेवेतल्या माणसाला ह्याहून मोठा मान तो कोणता? मी खुर्ची ओढून बसलो आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेऊ लागलो.

चटईवरचे पत्ते आपल्या ओळखीचे नव्हते. त्यांत राजा, राणी, गुलाम असे कोणी नव्हते. एखाद्यावर पंख असलेला अजगर, एखाद्यावर चिलखत घातलेला योद्धा, एखाद्यावर ओसाड पडलेला प्रदेश. आणि प्रत्येक पत्त्याच्या खालच्या भागात बारीक अक्षरांत दोनचार वाक्यांचा मजकूर. ह्या खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. दोन मांत्रिकांचे युद्ध अशी त्याची कल्पना आहे. त्यात भूमीचे पत्ते असतात. मैदान, बेट, दलदल, पर्वत आणि अरण्य ह्या भूमीच्या पाच मूळ जाती. प्रत्येक जातीतून एकेका रंगाचे बळ मिळते आणि त्या बळावर हातातले बाकीचे पत्ते खेळता येतात. पर्वतातून तांबडे बळ मिळते, दलदलीतून काळे. ह्या पाचांखेरीज आणखी पुष्कळ विशेष भूमी असतात आणि त्यांना स्वतःचे निराळे गुण असतात.

भांडण असे होते. मित्राने काही वेळापूर्वी 'ब्लड मून', म्हणजे रक्तवर्ण चंद्र, हा पत्ता मांडला होता. त्याचा आशय असा, की ज्या ज्या भूमी मूळ जातीच्या नव्हेत, त्या सर्व पर्वत होत. माझ्या पुतण्याजवळ मूळ दलदल एकही नव्हती. होत्या त्या साऱ्या विशेष भूमी. त्या क्षणात पर्वत झाल्या आणि हातातला काळ्या बळाचा पत्ता हातातच राहिला. तेव्हा त्याने 'अर्बोर्ग' ह्या नावाची एक विशेष भूमी मांडली. तिचा आशय असा, की प्रत्येक भूमी आपल्या इतर जातींखेरीज दलदलही होय. "आता मला काळे बळ मिळाले," असे पुतण्याचे म्हणणे. "अर्बोर्ग ही स्वतःच विशेष भूमी, ती तर मांडताक्षणी पर्वत झाली, ती दुसऱ्यांना दलदल काय करणार?" असे मित्राचे म्हणणे. त्यावर पुतण्याचे प्रत्युत्तर तयारच होते : "तुझा पत्ता जुना आहे, माझा नवा आहे. नव्याने जुन्याला बाजूला सारले."

मी दोन मिनिटे विचार केला, घसा खाकरला आणि निकाल दिला : ज्याचा आदेश शेवटचा, त्याचा आदेश चालू. पुतण्याने आपला काळा पत्ता खेळला आणि तो डाव जिंकला. मित्र काही बोलला नाही. त्याने आपले पत्ते गोळा करून डबीत भरले, छत्री उघडली आणि तो गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. का आला नाही असे विचारले तेव्हा पुतण्या खाली मान घालून म्हणाला, "तो म्हणतो, तुमच्याकडे पंच घरचाच असतो."

हे वाक्य मला लागले. मी पक्षपात केला नव्हता. निदान माझी तशी समजूत होती. पण निकाल चुकलेला असेल आणि तो आपल्याच माणसाच्या पदरात पडलेला असेल, तर अजाणता झालेली चूक आणि पक्षपात ह्यांतला फरक बाहेरच्याने कशावरून ओळखावा? त्या रात्री मी पुतण्याकडून खेळाचे नियमपुस्तक मागून घेतले आणि वाचावयास बसलो. श्रोतेहो, आज तुम्हांला सांगावयाचे आहे ते त्या वाचनातून आलेले आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी हा किंवा अशाच जातीचा खेळ चालत असेल, आणि केव्हा ना केव्हा तुम्हांलाही त्या खुर्चीत बसावे लागेल.

हा खेळ 1993 साली अमेरिकेत निघाला. रिचर्ड गारफील्ड ह्या गणितज्ञाने तो रचला. पत्ते पाकिटांतून विकत घ्यावयाचे, मित्रांशी त्यांची अदलाबदल करावयाची, आणि आपल्या संग्रहातून निदान 60 पत्ते निवडून स्वतःची कॅट तयार करावयाची, अशी त्याची सामान्य पद्धत. निरनिराळ्या पत्त्यांची संख्या आज 25,000 च्या वर गेली आहे. नियमांचे संपूर्ण पुस्तक दोनशे पानांहून मोठे असून त्यातील प्रत्येक नियमाला क्रमांक आहे, पोटनियम आहे, आणि शेवटी व्याख्यांची यादी आहे. एखाद्या सेवानियमांच्या संहितेसारखेच ते दिसते, आणि खरे सांगावयाचे तर त्यामुळेच मला ते परके वाटले नाही.

परंतु इतके नियम लागावेत तरी कशाला? आपल्या मेंढीकोटाचे नियम चार वाक्यांत सांगून होतात. सावंतवाडीला ज्यांचे चित्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्या दशावतारी गंजिफांचा खेळ घेतला, तर तो जरा अवघड खरा. दहा अवतारांचे 120 गोल पत्ते. पाच रंगांत राजा आणि प्रधान ह्यांच्या खालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा. पण एकदा हे ध्यानात धरले की संपले. तेथे पत्ता हा प्रजानन असतो. कायदा पत्त्याच्या बाहेर असतो आणि तो सर्वांना सारखा लागू असतो. 'मॅजिक'मध्ये मात्र प्रत्येक पत्ता स्वतःच एक छोटासा कायदा घेऊन येतो. पुस्तकाच्या आरंभीच सांगितले आहे, की पत्त्यावरचा मजकूर आणि सामान्य नियम ह्यांत उघड विरोध आला तर पत्त्याचे चालावे. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर प्रत्येक पत्ता म्हणजे मूळ अधिनियमाला जोडलेला एक 'परंतु' आहे. एक 'परंतु' आला तर त्याचा अर्थ कोणीही लावील. पंचवीस हजार 'परंतुं'पैकी कोणतेही दोन चटईवर समोरासमोर आले, तर काय करावे? खरी अडचण तेथे आहे, आणि पुस्तकाची बहुतेक पाने त्या भेटीची व्यवस्था लावण्यात खर्च झालेली आहेत.

ह्या व्यवस्थेच्या चार किल्ल्या आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली किल्ली क्रमाची. समजा, माझ्यासमोर एक अस्वल आहे. त्याचे बळ 2 आणि सहनशक्ती 2. तुम्ही त्याच्यावर 'लाइटनिंग बोल्ट', म्हणजे विजेचा लोळ, टाकला. त्याने 3 इजा होते. आता हा मंत्र टाकल्याबरोबर फळत नाही. तो मध्ये मांडला जातो आणि समोरच्याला उत्तर देण्याची संधी मिळते. मी उत्तरादाखल 'जायंट ग्रोथ' हा मंत्र टाकतो. त्याने अस्वलाचे बळ आणि सहनशक्ती त्या पाळीपुरती तीनतीनने वाढते. आता दोन मंत्र एकावर एक ठेवलेले आहेत. ताटांची चळत असते ना, तशी ही चळत समजावी. शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावे लागते. म्हणून माझा वाढीचा मंत्र आधी फळतो, अस्वल 5 सहनशक्तीचे होते, आणि मागाहून पडणारी 3 इजा ते सोसते. आता हेच दोन पत्ते उलट क्रमाने खेळून पाहा. मी आधी वाढीचा मंत्र टाकला आणि तुम्ही उत्तरादाखल वीज टाकली. वीज आधी फळेल, दोनाचे अस्वल मरेल, आणि माझा मंत्र फळावयास येईल तेव्हा ज्याच्यावर तो टाकला ते अस्वलच जागेवर नसेल. पत्ते तेच, माणसे तीच. निष्पत्ती मात्र अगदी उलट. ही चळतीची पद्धत 1999 साली खेळाच्या सहाव्या आवृत्तीबरोबर आली.

ह्याच उदाहरणात मुलांचे आणखी एक भांडण ठरलेले असते. पाळी संपली की वाढीचा परिणाम उतरतो आणि अस्वल पुन्हा दोनाचे होते. त्याच्या अंगावर तर 3 इजा आहे. मग ते तेव्हा मरत नाही का? मरत नाही. कारण पाळीपुरते परिणाम उतरणे आणि अंगावरची इजा पुसली जाणे ह्या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात, असे नियमच सांगतो. क्रम म्हणजे नेहमी 'आधी' आणि 'नंतर' एवढेच नव्हे. 'एकदम' हाही एक क्रम आहे, आणि तोही लिहून ठेवावा लागतो.

दुसरी किल्ली मनाईची. एक पत्ता म्हणतो, हा प्राणी कितीही शत्रूंना अडवू शकतो. दुसरा म्हणतो, मला कोणी अडवू शकत नाही. येथे 'शकतो' हरतो आणि 'शकत नाही' जिंकतो. मग कोण आधी आला, कोण मागून, हे पाहावयाचेच नाही. आमच्या गावावरून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. गाडी सोडण्याची कितीही निकड असो, रुळांचा सांधा योग्य बाजूला लागून पक्का झाल्यावाचून त्या मार्गाचा सिग्नल मिळत नाही. यंत्रणाच तशी गुंफलेली असते. परवानगी चुकून थोपली गेली तर खोळंबा होतो, मनाई चुकून मोडली गेली तर अपघात होतो. म्हणून मनाई बलवान. खेळाने हेच तत्त्व उचलले आहे.

तिसरी किल्ली 'ऐवजी' ह्या शब्दाची. काही पत्ते घडलेल्या गोष्टीला उत्तर देत नाहीत. ते गोष्ट घडण्यापूर्वीच तिच्या जागी दुसरी गोष्ट आणून ठेवतात. त्यांना चळतीत थांबावे लागत नाही. समजा, तुम्हांला 3 इजा होणार आहे. एक पत्ता म्हणतो, होणारी इजा दुप्पट व्हावी. दुसरा म्हणतो, होणाऱ्या इजेतून 1 वजा व्हावी. आधी दुप्पट करून मग वजा केली तर 5 उरतात. आधी वजा करून मग दुप्पट केली तर 4. कोणते खरे? नियम सांगतो, की ज्याला इजा व्हावयाची आहे त्याने क्रम ठरवावा. अर्थात तो 4 च निवडील. संशयाचा फायदा ज्याला भोगावे लागते त्याला द्यावा, ही वृत्ती एखाद्या काल्पनिक युद्धाच्या पत्त्यांतही सापडावी, ह्याचे मला फार समाधान वाटले.

चौथी किल्ली थरांची, आणि माझी चूक ह्या कुलुपापाशी झाली होती. जे परिणाम एकदा फळून संपत नाहीत, तर पत्ता मांडलेला असेपर्यंत सतत चालू राहतात, त्यांना चळतीचा नियम लागू पडत नाही. 'ब्लड मून' आणि 'अर्बोर्ग' हे दोन्ही त्याच जातीचे. अशा परिणामांसाठी पुस्तकात सात थर सांगितले आहेत. पहिल्या थरात एका वस्तूने दुसरीचे रूप घेणे, दुसऱ्यात ताबा, तिसऱ्यात मजकुरातील बदल, चौथ्यात जात, पाचव्यात रंग, सहाव्यात गुण देणे किंवा काढून घेणे, आणि सातव्यात बळ व सहनशक्ती ह्यांचे आकडे. वरच्या थराचे काम उरकल्यावर खालच्या थराचे. एकाच थरात दोन परिणाम आले, तर जो जुना तो आधी लावावा आणि जो नवा तो मागून; त्यामुळे सामान्यतः नव्याचा शब्द शेवटचा ठरतो.

म्हणजे माझ्या निकालाला आधार होता! दोन्ही पत्ते जात बदलणारे, दोन्ही चौथ्या थरातले, आणि 'अर्बोर्ग' मागून आलेला. पण पान उलटले, आणि तेथे पुढचा पोटनियम होता. त्याचा आशय असा : एका परिणामामुळे दुसऱ्याचे अस्तित्वच उरेल की नाही हे ठरत असेल, तर दुसरा पहिल्यावर अवलंबून आहे असे समजावे, आणि अवलंबून असणाऱ्याने, तो जुना असो की नवा, थांबून राहावे. आता पाहा. विशेष भूमी पर्वत झाली की तिचे स्वतःचे गुण जातात आणि तिच्याजवळ तांबडे बळ देण्यावाचून काही उरत नाही. 'अर्बोर्ग' ही विशेष भूमी. तेव्हा 'ब्लड मून' लागला की 'अर्बोर्ग'चा तो गुणच नाहीसा होतो. उलट 'अर्बोर्ग'ने सर्व भूमींना दलदल केले असते, तरी 'ब्लड मून'चे काही बिघडत नव्हते. तो काही भूमी नव्हे. म्हणून 'ब्लड मून' आधी लागतो, आणि तो लागल्यावर 'अर्बोर्ग'जवळ सांगण्यासारखे काही राहत नाही. मित्राचे म्हणणे शब्दशः खरे होते. डाव त्याचा होता.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. चूक झाली ह्याचे वाईट वाटलेच. पण त्याहून अधिक लाज वाटली ती निराळ्या कारणाने. हा न्याय मला नवा नव्हता. एम.ए.ला माझा विषय संस्कृत होता, आणि हीच गोष्ट मी परीक्षेसाठी पाठ केलेली होती.

पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचे व्याकरण बांधले. इतकी सूत्रे म्हटली की एकाच शब्दावर दोन सूत्रे एकदम हक्क सांगणार, हे ओघानेच आले. ह्यावर पाणिनीने स्वतः एक तोड सांगून ठेवली आहे, आणि परंपरेने तिचा अर्थ असा घेतला, की तुल्यबळ सूत्रांत विरोध आला तर ग्रंथात जे पुढे आले आहे त्याचे कार्य व्हावे. ह्याला 'पर' म्हणतात. पण एवढ्याने भागत नाही, हे वैयाकरणांच्या लवकरच ध्यानात आले. अठराव्या शतकात काशीला राहून ग्रंथरचना करणारे नागेशभट्ट हे मूळचे महाराष्ट्रीय. त्यांचे उपनाव काळे. त्यांच्या 'परिभाषेन्दुशेखर' ह्या ग्रंथात सूत्रांचा अर्थ आणि क्रम लावण्याच्या शंभरांहून अधिक परिभाषांची चर्चा आहे. किलहॉर्न हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक असताना त्यांनी ह्या ग्रंथाची आवृत्ती आणि इंग्रजी भाषांतर 1868 ते 1874 ह्या काळात प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून तो पाश्चात्त्य पंडितांच्याही अभ्यासात आला.

त्या ग्रंथात बळाची एक चढती पायरी सांगितली आहे. 'पर' म्हणजे मागून आलेले सूत्र बलवान खरे. पण 'नित्य' त्याहून बलवान, 'अंतरंग' त्याहून, आणि 'अपवाद' सर्वांत बलवान. ह्यांतले 'नित्य' म्हणजे काय? दुसरे सूत्र आधी लागलेले असो वा नसो, जे दोन्ही प्रसंगी लागू पडते ते नित्य. पहिले लागल्यावर ज्याला जागाच उरत नाही ते अनित्य. आता व्हरांड्यातली चटई पुन्हा डोळ्यांसमोर आणा. 'अर्बोर्ग' लागो न लागो, 'ब्लड मून' लागणारच, तो नित्य. 'ब्लड मून' लागला की 'अर्बोर्ग' लागत नाही, तो अनित्य. मी काय केले? मी 'पर' तेवढे पाहिले आणि 'नित्य' विसरलो. पहिल्या पायरीवरच थांबून निकाल दिला.

ह्यावरून आमच्या पूर्वजांना हा पत्त्यांचा खेळ ठाऊक होता, असा निष्कर्ष कृपा करून कोणी काढू नये. गारफील्डसाहेबांनी नागेशभट्ट वाचले असण्याचाही संभव नाही. गोष्ट एवढीच आहे, की स्वतंत्रपणे रचलेले अनेक नियम एका ठिकाणी एकत्र नांदवावयाचे ठरले, की भाषा असो, राज्यकारभार असो की पोरांचा खेळ असो, अडचणी त्याच येतात, आणि प्रामाणिकपणे विचार करणारी माणसे फिरून फिरून त्याच वाटेवर येतात.

राज्यकारभाराचेही पाहा. आपल्या कायद्यांत एक वाक्प्रयोग वारंवार येतो : अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी. असे म्हणणारे दोन विशेष कायदे समोरासमोर आले तर? आजारी उद्योगांविषयीचा 1985 चा कायदा आणि रोखे व्यवहारांतील गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालय नेमणारा 1992 चा कायदा ह्यांच्या बाबतीत असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि 2001 साली न्यायालयाने मागाहून झालेल्या कायद्याच्या बाजूने कौल दिला. कारण नवा कायदा करताना विधिमंडळाला जुना ठाऊक होता असे मानावे लागते. येथे 'पर' जिंकले, कारण दोघे तुल्यबळ होते. परंतु 1967 साली संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य ह्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू सांगून ठेवलेली आहे. नियम जेथे मुके असतील तेथे शासनाने प्रशासकीय सूचना काढून पोकळी भरून काढावी. पण कायद्यान्वये केलेल्या नियमाला अशा सूचनेने बदलता यावयाचे नाही. परिपत्रक कालचे आणि नियम वीस वर्षांपूर्वीचा, म्हणून परिपत्रक वरचढ ठरत नाही. परिपत्रक नियमाच्या आधारावर उभे असते. आधार सरकला की त्याची तारीख पाहण्यात अर्थ उरत नाही.

मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका टिपणीत ताज्या परिपत्रकावर विसंबून एका माणसाच्या लाभावर फुली मारली होती. सुदैवाने वरिष्ठांनी ती टिपणी समासात एक ओळ लिहून परत पाठवली, आणि त्या माणसाचे नुकसान टळले. अठरा वर्षांनी तीच चूक मी चटईवर केली, आणि येथे समासात ओळ लिहिणारे कोणी नव्हते. ज्याचे नुकसान झाले तो मुलगा छत्री घेऊन निघून गेला होता.

म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी मी पुतण्याला बरोबर घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील कारखान्यातली पहिली पाळी संपवून घरी आलेले होते; आमचे काय काम असावे हे त्यांना कळेना. मी नियमपुस्तक उघडले, तो पोटनियम मुलापुढे ठेवला, आणि माझा निकाल चुकला होता, डाव तुझा होता, असे सांगितले. मुलाने पानाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो म्हणाला, "अंकल, मुझे पता था।" मग थोडा थांबून त्याने मला विचारले, "आणि अर्बोर्ग आधी मांडलेली असती, ब्लड मून मागून आला असता, तर?" माझी परीक्षा चालली आहे हे मी ओळखले. मी म्हटले, "तरीही तेच. कोण आधी आला ह्याचा येथे संबंधच नाही." तेव्हा कोठे तो हसला. त्याच्या आईने चहा आणला. निघताना पुतण्याने त्याला विचारले, रविवारी येणार का. आणि त्याने मान हलवली.

श्रोतेहो, 2019 साली तीन संशोधकांनी ह्या खेळाविषयी एक चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. पत्त्यांची अशी मांडणी करता येते, की जिच्यात पुढची प्रत्येक चाल सक्तीची आहे, कोणाला काही निवडावयाचे नाही, आणि तरीही शेवटी कोण जिंकेल हे सर्व प्रसंगी आधी सांगू शकेल अशी गणिती रीत असूच शकत नाही. हे वाचून एखाद्याला वाटेल, की मग नियम तरी कशाला हवेत? मला उलट वाटते. शेवट कोणाच्या हाती नसला, तरी पुढचे पाऊल कोणते हे त्या पुस्तकाने सांगून ठेवलेले असते, आणि दोन खेळाडूंना एकमेकांच्या समोर शांतपणे बसावयास तेवढे पुरते. मात्र वाद उत्पन्न होण्यापूर्वी तो क्रम ठरलेला असला पाहिजे. वाद उत्पन्न झाल्यावर जो क्रम सुचतो तो बहुधा आपल्याच सोयीचा असतो. आणि तसा नसला तरी समोरच्याला तो तसाच वाटतो.

तेव्हा तुमच्या घरी असा प्रसंग आला तर घाईने तोंड उघडू नका. दोन्ही पत्ते हातात घेऊन त्यांवरचा मजकूर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. निम्मी भांडणे तेथेच मिटतात, कारण मजकूर पुरता कोणी वाचलेलाच नसतो. मग एकेक प्रश्न विचारा. ह्यांत कोणी 'शकत नाही' असे म्हणतो का? कोणी 'ऐवजी' म्हणतो का? हे एकदा फळून संपणारे परिणाम आहेत, की चालू राहणारे? संपणारे असतील तर चळत पाहा. चालू राहणारे असतील तर थर पाहा. आणि दोघे एकाच थरात सापडले, तर तारीख पाहण्यापूर्वी हे पाहा, की ह्यांतला कोणता दुसऱ्यावाचूनही उभा राहतो.

आमच्या व्हरांड्यात हल्ली ते नियमपुस्तक चटईच्या कडेलाच ठेवलेले असते. मुले मला फारसे बोलावीत नाहीत. त्यांचे तीच पान काढून पाहतात. क्वचित बोलावले तर मी आधी विचारतो, पुस्तक पाहिले का. आणि ज्या दिवशी एक पक्ष माझ्या घरचा असतो, त्या दिवशी पान काढण्याचे काम मी दुसऱ्या पक्षाकडे देतो.